सात रविवार, तीन मापं पीठ आणि रोजचा रुपया: दाखल्यांच्या एका अभ्यासवर्गाविषयी

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या स्वर्गाच्या राज्याच्या दाखल्यांवरचा, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथांवरचा, सात रविवारांचा अभ्यासवर्ग मी यंदा पुण्यात पूर्ण केला. वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा, जागा चर्चच्या मागचा हॉल, फी 350 रुपये. त्यात चाळीस पानांची पुस्तिका आणि दर वेळी चहा. ओळखीतल्या तिघीचौघींनी विचारलं, कसा होता, जावं का? फोनवर सांगताना प्रत्येक वेळी काहीतरी राहूनच जात होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं माहेर राहुरी तालुक्यातलं. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. सरकारी ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका म्हणून चौतीस वर्षं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे पुण्याला आले. दाखले मला संडे स्कूलपासून पाठ आहेत. पेरणाऱ्याचा दाखला मी सातव्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमात न अडखळता म्हटला होता, बक्षीस म्हणून रंगीत पेन्सिली मिळाल्या होत्या. पण पाठ असण्याची एक अडचण असते. वाचणाऱ्याने "पेरणारा पेरावयास निघाला" एवढं म्हटलं की माझं मन थेट शेवटावर जाऊन बसायचं: आपलं हृदय चांगली जमीन असावं, आमेन. मधली वाटेवरची पाखरं, खडकाळ जमिनीत लवकर उगवून उन्हाने करपलेलं रोप, काटेरी झुडपं, यातलं काही मी वर्षानुवर्षं पाहिलंच नव्हतं. पन्नास वर्षं उपदेश ऐकूनही.

या वर्गाने नेमकं तिथे बोट ठेवलं. वर्ग घेणारे पाळकसाहेब वयाने सत्तरीचे असतील, आयुष्यभर धर्मशिक्षण शिकवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम घातला. पहिला अर्धा तास दाखल्याचा अर्थ कोणी सांगायचा नाही. गोष्टीत काय घडतं तेवढंच बोलायचं: कोण आहे, कुठे आहे, किती माप, किती पैसे, किती दिवस. अर्थाचं नाव काढलं तर ते हात वर करून थांबवायचे. पहिल्या रविवारी आम्ही पस्तीस-चाळीस जण बसलो होतो आणि दर दोन मिनिटांनी कोणाला तरी थांबवावं लागत होतं. आम्हाला तात्पर्याची केवढी सवय झाली आहे, हे त्या दिवशी कळलं.

त्याच संध्याकाळी 'राज्य' या शब्दावर जवळजवळ तासभर गेला, आणि तो तास मला फार मोलाचा वाटतो. 'स्वर्गाचे राज्य' हा शब्दप्रयोग बायबलमध्ये फक्त मत्तय वापरतो, तोही तीसहून जास्त वेळा. त्याच गोष्टी शुभवर्तमान लिहिणारे दुसरे दोघे, मार्क आणि लूक, सांगतात तेव्हा ते 'देवाचे राज्य' म्हणतात. मत्तयासमोर यहुदी वाचक होते, आणि देवाचं नाव उगाच तोंडी घ्यायचं नाही ही त्यांची रीत, म्हणून 'देव' म्हणायच्या जागी 'स्वर्ग'. म्हणजे मेल्यावर आपण जिथे जातो त्या जागेचं हे वर्णन आहे, अशी जी माझी लहानपणापासून समजूत होती, तिला इथे आधारच उरला नाही. मूळ ग्रीक शब्दात मुलखापेक्षा राजाच्या सत्तेवर जास्त भर आहे. पाळकसाहेबांनी त्याला मराठी शब्द दिला 'अंमल'. देवाचा अंमल. जिथे त्याचा शब्द चालतो ते त्याचं राज्य, मग ते राहुरीच्या बाजारात असो की माझ्या स्वयंपाकघरात. एवढा एक शब्द हाताशी आला आणि मत्तयाचा तेरावा अध्याय मला नव्याने वाचता यायला लागला. स्वर्ग मोहरीच्या दाण्यासारखा कसा असेल, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा आणि मी तो गिळून टाकायचे. देवाचा अंमल मोहरीच्या दाण्याएवढा सुरू होतो, हे मात्र लगेच समजतं.

दुसऱ्या रविवारी निदणाचा दाखला होता. शेतात चांगलं बी पेरलं, रात्री वैरी येऊन गव्हात निदण पेरून गेला. आमच्याकडे शेतातलं तण काढण्याला खुरपणी म्हणतात, खानदेश-विदर्भाकडे निंदणी. 'निदण' हा शब्द त्याच कुळातला, म्हणून मराठी वाचकाला तो साधं तण वाटतो. पण ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो एका विशिष्ट तणाचा. ते कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखं दिसतं, लोंबी आल्याशिवाय ओळखू येत नाही, आणि त्याच्या दाण्यात बहुधा एक बुरशी वाढते, ती पिठात गेली तर खाणाऱ्याला भोवळ येते. म्हणजे नोकर जे म्हणतात, "आम्ही जाऊन ते उपटून टाकू का?", तो आळशी माणसांचा प्रश्न नाही. विषारी तण आहे, उपटायलाच हवं, असं कोणताही शेतकरी म्हणेल. माझी आई जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला गेली. गव्हात रानओट उगवला की ती लोंबी येईपर्यंत थांबायची, कारण आधी उपटायला गेलं तर गहूच हातात येतो आणि मुळं एकमेकांत गुंतलेली असली तर शेजारचं रोपही हलतं. मालकाचं उत्तर तेच आहे: कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मी हे वर्गात सांगितलं. पाळकसाहेबांनी मला दोनदा सांगायला लावलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं. वर्ग घेणारा माणूस शिकणाऱ्याचं लिहून घेतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

खमिराचा दाखला म्हणजे एकच वचन. एका बाईने खमीर घेतलं आणि तीन मापं पिठात लपवलं, ते सगळं फुगून येईपर्यंत. उपदेशात हे वचन मोहरीच्या शेपटीला बांधून दोन मिनिटांत संपवतात. आम्ही त्यावर पूर्ण संध्याकाळ बसलो. तीन मापं म्हणजे किती? तिथलं एक माप साधारण 13 लिटरचं, म्हणजे तीन मापं जवळजवळ 40 लिटर. पिठाचं वजन 20 किलोच्या वर. आमच्यात बेकरीत काम केलेले एक काका होते, फारसं न बोलणारे. हा आकडा फळ्यावर आला तसे ते उठून उभे राहिले. म्हणाले, एवढं पीठ एकटी बाई हाताने मळू शकत नाही, मळलं तर दुसऱ्या दिवशी खांदा वर होत नाही. आणि ही घरची भाकरी नव्हे, शंभराच्या वर माणसं जेवतील. मग बाई कोणासाठी मळते आहे? पाळकसाहेबांनी उत्पत्तीचा अठरावा अध्याय काढायला सांगितला. अब्राहामाच्या तंबूशी तीन पाहुणे येतात, तो धावत आत जाऊन सारेला सांगतो, लवकर तीन मापं सपीट मळ. तीच तीन मापं! पाहुणे तीन, आणि पीठ गावजेवणाचं. पाहुणे कोण आहेत हे त्या दोघांना अजून ठाऊक नाही.

खमीर हा शब्दही ऐकणाऱ्यांना खटकला असणार. वल्हांडणाच्या सणाला यहुदी घरातून खमिराचा कण न कण काढून टाकतात. येशू स्वतः पुढे परुश्यांच्या, म्हणजे यहुद्यांमधल्या कर्मठ पंथाच्या लोकांच्या, खमिरापासून जपा म्हणतो. आणि इथे तो देवाच्या राज्याला खमीर म्हणतो, एका बाईच्या हातातलं, लपवलेलं. मोहरीचंही तसंच. यहेज्केल संदेष्ट्याने देवाच्या राज्यासाठी उंच डोंगरावरच्या गंधसरूचं चित्र रंगवलं होतं, ज्याच्या सावलीत सर्व तऱ्हेची पाखरं राहतील. येशू पाखरं तशीच ठेवतो आणि गंधसरूच्या जागी मोहरी लावतो, फार तर डोक्याच्या वर जाणारं, वर्षाच्या आत वाळून जाणारं झाड. ज्यांना मोठा वृक्ष हवा होता त्यांना काय वाटलं असेल?

ठेव, मोती आणि जाळं हे तीन दाखले एकाच रविवारी उरकले. 'उरकले' हाच शब्द योग्य आहे. तरी त्यातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. शेतात ठेव सापडलेल्या माणसाने ती पुन्हा लपवली आणि शेत विकत घेतलं, जुन्या मालकाला काही न सांगता. आमच्यातले एक निवृत्त महसूल कर्मचारी म्हणाले, हे आपल्याकडे चालणार नाही, 1878 चा निखात निधी कायदा आहे, दहा रुपयांवरची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मग माणूस प्रामाणिक होता की नाही यावर वीस मिनिटं गेली. शेवटी पाळकसाहेबांनी वचनातल्या एका शब्दाकडे लक्ष वेधलं: 'आनंदाने'. आनंदाच्या भरात त्याने असेल नसेल ते विकलं. येशूला त्या माणसाचा आनंद दाखवायचा आहे, व्यवहार दाखवायचा नाही. हे मला पटलं, तरी महसूलवाल्या भाऊंचा प्रश्न मला आवडला.

जाळ्याच्या दाखल्यात मालवणकडच्या एका बाईंनी वर्ग हातात घेतला. मूळ शब्द साध्या जाळ्याचा नाही, किनाऱ्यावरून दोन्ही टोकं धरून ओढायच्या लांबलचक जाळ्याचा आहे. म्हणजे आमची रापण, त्या म्हणाल्या. रापण ओढायला अख्खी वाडी लागते, आणि ओढताना कोणी मासा निवडत नाही, येईल ते येतं. निवड नंतर वाळूत बसून. गालील समुद्रातही तसंच, खवले नसलेला मासा यहुद्यांना वर्ज्य, म्हणून किनाऱ्यावर बसून वेगळा काढावा लागायचा. निवडायचं काम देवदूतांचं, तेही शेवटी. आपल्या हातात दोर आहे तोवर ओढायचं. त्या बाई अशा बोलत होत्या जणू हा दाखला त्यांच्या वाडीत घडला होता.

आता वर्गात काय कमी पडलं तेही सांगते. साडेतीनशे रुपये कोणाला जास्त वाटणार नाहीत, पण सात संध्याकाळी खर्च होतात, आणि जाणाऱ्याला आधी कळलेलं बरं.

पुस्तिकेची छपाई फार बारीक आहे. वर्गातले निम्मे लोक साठीच्या पुढचे. वचनं तर टिपांपेक्षाही बारीक अक्षरात, ज्यांना सगळ्यात मोठ्या अक्षरात असायला हवं होतं. हॉलमधला माइक पहिले तीन रविवार मधूनच बंद पडत होता, आणि मागच्या रांगांत बसलेल्या बायकांना अर्धं ऐकू येत नव्हतं. पहिल्या दोन रविवारी वचन वाचायला एकाही बाईला उठवलं नाही. आम्ही बोलल्यावर ते सुधारलं, आणि पुढे खमिराचं वचन आमच्यातल्याच एकीने वाचलं. पण बोलावं लागलं.

याहून मोठी तक्रार वेगळी आहे. मत्तयात "तेथे रडणे व दात खाणे चालेल" हे वाक्य सहा वेळा येतं, त्यातलं बरंचसं याच दाखल्यांत. लग्नाच्या मेजवानीत लग्नाचा पोशाख न घातलेल्या पाहुण्याचे हातपाय बांधून त्याला बाहेरच्या अंधारात टाकतात. शेवटच्या रविवारी या दाखल्याला दहा मिनिटं मिळाली. दहा कुमारींनाही तेवढीच, आणि दार बंद झाल्यावर बाहेर उभ्या राहिलेल्या पाचजणींबद्दल कोणी बोललंच नाही. मी चौतीस वर्षं वॉर्डात काम केलं आहे. शेवटच्या रात्री माणसं हाच प्रश्न विचारतात: मी आत आहे की बाहेर? भीतीचा दाखला येशूने सांगितला असेल तर तोही तितक्याच सावकाश वाचायला हवा. पीठ आम्ही किलोत मोजलं, मग अंधार का मोजला नाही? पाळकसाहेबांना मी हे समोर सांगितलं. त्यांनी मान्य केलं की वेळेचं नियोजन चुकलं. माझ्या मते प्रश्न वेळेचा नव्हता, टाळण्याचा होता.

आणखी एक. "एका दाखल्यात एकच मुद्दा असतो" हे ते फार ठासून सांगत होते. पण पेरणाऱ्याचा आणि निदणाचा अर्थ येशू स्वतःच एकेक वस्तू घेऊन सांगतो: बी म्हणजे हे, पाखरं म्हणजे ते, शेत म्हणजे जग. नियम इतका पक्का कसा असेल?

तरीही जा, असंच मी सांगेन. पाचव्या आणि सहाव्या रविवारासाठी तरी जाच.

पाचव्या रविवारी क्षमा न करणारा चाकर. राजा त्याचं सगळं कर्ज माफ करतो, आणि तो मात्र बाहेर पडून आपल्या सोबत्याला थोड्या कर्जासाठी तुरुंगात टाकतो. माझ्या घरातल्या जुन्या मराठी बायबलमध्ये त्याच्या कर्जाला लक्षावधी रुपये म्हटलं आहे आणि त्याच्या सोबत्याच्या कर्जाला शंभर रुपये. मूळ आकडे आहेत दहा हजार तालांत आणि शंभर दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. फळ्यावर गुणाकार झाला: सहा कोटी दिवसांची मजुरी, एकही सुट्टी न घेता दीड लाखाहून जास्त वर्षं. हेरोद राजाच्या मुलाला अख्ख्या यहुदियाचा मिळणारा वर्षाचा महसूल एक हजार तालांतांच्याही आत होता. आणि हा चाकर राजाच्या पाया पडून म्हणतो, मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन! हॉलमध्ये कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला. दुसरीकडे शंभर दिनार म्हणजे सव्वातीन महिन्यांची मजुरी. ती रक्कमही थोडी नाही, गरिबाला खरंच जड आहे, हे पाळकसाहेबांनी मुद्दाम सांगितलं. मला ते फार आवडलं. नाहीतर उपदेशात दुसऱ्याने आपलं केलेलं नुकसान क्षुल्लकच होतं असं सांगून मोकळे होतात. ज्याचं झालेलं असतं त्याला ते क्षुल्लक नसतं. (तालांत पुन्हा पंचविसाव्या अध्यायात येतात. मुलाच्या अंगी टॅलेंट आहे असं आज आपण म्हणतो तो शब्द त्याच दाखल्यातून आलेला.)

सहाव्या रविवारी द्राक्षमळ्यातले मजूर. हा दाखला मला कधीच आवडला नव्हता, आणि त्याचं कारण माझ्या घरात आहे.

वडील लवकर गेले. पुढे आई थकली तेव्हा तिला मी सांभाळलं. बारा वर्षं. बदली झाली की तिला सोबत नेलं, ड्यूटीवरून येऊन तिची पाठ पुसली. धाकटा भाऊ या काळात कुठे होता ते नीट माहीत नव्हतं. कधी सुरतेला, कधी नाशकाला, कधी दारूत. आईच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो परत आला. सुधारून आला हे खरं, रात्री तिच्याजवळ तोच बसायचा. आई गेली आणि मृत्युपत्र उघडलं तेव्हा मूळच्या दीड एकरात दोघांचा वाटा सारखा होता. बारा वर्षं आणि तीन महिने, दोन्हींना सारखंच. मी भांडले नाही. पण फेरफाराच्या अर्जावर सहीही केली नाही. कागद माझ्या कपाटात चार वर्षं पडून होता. भाऊ फोन करायचा, "ताई, तुझ्या सवडीने कर." त्याचा तो शांतपणाही मला सहन व्हायचा नाही.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे अर्थ बाजूला ठेवून गोष्ट वाचली. मालक पहाटे जातो, एक दिनार ठरवून मजूर लावतो. माझ्या जुन्या बायबलमध्ये 'रोजचा रुपया' आहे. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला जातो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. पाळकसाहेबांनी विचारलं, पाचला उभे असलेले लोक दिवसभर काय करत होते? एकजण म्हणाला, झोपले असतील. दुसरा म्हणाला, उशिरा उठले असतील. ते म्हणाले, वचनात बघा, मालक हाच प्रश्न विचारतो आणि ते उत्तर देतात. मी पुस्तिका डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "कोणी आम्हाला कामावर लावले नाही म्हणून."

मला एकदम 1972 आठवलं. मी आठ वर्षांची. दुष्काळ पडलेला, आई पहाटे अंधारात दुष्काळी कामावर खडी फोडायला निघायची. कामाला माणसं ठरलेली. मुकादमाने मस्टरवर नावं घातली की उरलेल्यांनी परत जायचं. पण आई लगेच परत यायची नाही. एखादी बाई उन्हाने पडली, कोणाच्या बोटावर हातोडी बसली, तर जागा रिकामी होईल म्हणून ती तिथेच उभी राहायची. कधी दुपारी लागायची, कधी लागायचीच नाही. मी आणि भाऊ सुकडीच्या रांगेत असायचो. तो तीन वर्षांचा, माझ्या कडेवर. संध्याकाळी आई यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळायचं, आज नाव लागलं की नाही. नाव लागलं नाही त्या दिवशी ती जास्त थकलेली असायची. काम करून आलेल्या दिवसापेक्षा जास्त.

म्हणजे पाच वाजता उभे असलेले ते लोक पहाटेच आलेले असू शकतात. सबंध दिवस कोणी आपल्याला बोलावेल म्हणून उन्हात उभे. आणि दिवसाची मजुरी म्हणजे दिवसाचं पीठ. एक तासाची मजुरी हातावर ठेवली असती तर घरी मुलं उपाशी. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या असं म्हटलं आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून आहे. मालक घरी गेल्यावर काय शिजणार याचा हिशेब करतो. पहाटेपासून राबलेले तासांचा हिशेब करतात. तो हिशेब चुकीचा नाही, आणि त्यांना ठरल्याप्रमाणे पूर्ण रुपया मिळालेलाच आहे. मग मालक विचारतो, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का? ग्रीकमध्ये शब्दशः 'माझ्या चांगुलपणाने तुझा डोळा वाईट झाला का' असं आहे, असं पाळकसाहेब म्हणाले.

मी आजवर या दाखल्यात नेहमी पहाटेच्या मजुरांच्या रांगेत उभी राहिले होते. बारा वर्षं राबलेली मी. आई त्या रांगेत कधीच नव्हती. मुकादमाच्या समोर हात जोडून उभी असलेली बाई मरताना मुलांना तासांवर मोजून जमीन देईल, अशी अपेक्षा मी केली होती.

चहाच्या वेळी मी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. मला वाटलं ते आता सही करा म्हणतील, क्षमेवर एखादं वचन देतील. त्यांनी विचारलं, "बारा वर्षांत आई तुम्हाला काय देत होती?" मी म्हटलं, काही नाही, ती तर अंथरुणावर होती. मग थोडं थांबून म्हटलं, रोज रात्री ड्यूटीवरून आले की ती जागी असायची. ते "बरं" म्हणाले आणि माझा कप भरून दिला. एवढंच.

मार्चमध्ये राहुरीला जाऊन तलाठी कार्यालयात अर्जावर सही करून आले. भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता, मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. शेताकडे गेलो. पाटाला पाणी होतं. आईच्या वेळचं बांधावरचं बोरीचं झाड आहे अजून.

जाणाऱ्यांसाठी: नाव चर्चच्या कार्यालयात रविवारी उपासनेनंतर घेतात. सातही रविवार जमत नसेल तर पहिला चुकवू नका, त्याच्याशिवाय पुढचे कळत नाहीत. स्वतःचं बायबल घेऊन जा, आणि घरात जुनं असेल तर तेच घ्या, कारण भाषांतरांतले रुपये आणि दिनार शेजारी ठेवून बघायला फार उपयोग होतो. एका बाईंकडे पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर होतं, केडगावचं, 1924 साली छापलेलं, आजीकडून आलेलं, आणि पाळकसाहेब दर रविवारी त्यातून एक वचन मोठ्याने वाचून घ्यायचे. पुढे बसा, माइकचा भरवसा नाही. बिगरख्रिस्ती कोणी येणार असेल तर संकोच नको, आमच्यात दोघे होते. त्यातल्या एका वारकरी आजोबांनी पेरणीवर जे सांगितलं, तिफणीतून पडणारं बी आणि हाताने फोकलेलं बी यातला फरक, तो वर्गात दुसऱ्या कोणाला सांगता आला नसता. वर्गाची सुरुवात रोज नारायण वामन टिळकांच्या एका भजनाने होते, ते चुकवू नका.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. मी दोन नावं दिली आहेत, दुसरं भावाचं. शनिवारी रात्री तो येईल, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाईल. त्याला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पुस्तिकेची चाळीसही पानं झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरात काढून आणली आहेत.